वैजूसाठी आणलेली गिटार

फेरीबोटीचा फळका वर गेला तेव्हा आई-बाबा चोपड्याच्या धक्क्यावर राहिले आणि वैजू माझ्याबरोबर बोटीत. वैजू म्हणजे माझी धाकटी बहीण. तिला पलीकडे शिवोलीला उतरून म्हापशाच्या कॉलेजात जायचंच होतं, तेव्हा दादाला पोचवण्याचं काम आपोआप तिच्याकडे आलं. मी चोवीस वर्षांचा, ती अठराची. माझ्या अंगावर नवाकोरा कडक सफारी, हातात मामाची सूटकेस आणि खिशात बहरीनच्या नोकरीचं पत्र. एसी मेकॅनिक! आमच्या अख्ख्या वाड्यात एसी आतून पाहिलेला मी एकटाच होतो, त्यामुळे एसीबद्दल मी म्हणेन ते खरं होतं.

बाबांनी सकाळपासून दहा वेळा सांगितलं होतं, "पोचल्यार चिट्टी घाल." अकराव्यांदा ते धक्क्यावरून ओरडत होते आणि इंजिनाच्या धडधडीत मला नुसतं त्यांचं तोंड हलताना दिसत होतं. आईने हातसुद्धा हलवला नाही, ती फक्त बघत राहिली. मला रडू येत होतं आणि नव्या सफारीत रडायची लाजही वाटत होती.

नदीच्या मध्यावर आल्यावर वैजू म्हणाली, "दादा, येताना माका एक गितार हाडशी?"

मी हसलोच. आमच्या घरात पेटी होती, टाळ होते, चवथीला घुमटं वाजायची. गिटार ही नदीपलीकडची वस्तू. शिवोलीच्या चर्चच्या फेस्ताला, लग्नाला वाजायची ती. पण वैजूचा बसचा थांबा होता मिंगेलकाकांच्या घरासमोर. मिंगेलकाका जन्मभर बोटींवर वाजवून निवृत्त झालेले. सकाळी बाल्कांवात, घराच्या पुढच्या ओट्यावर, पाय पसरून गिटार घेऊन बसायचे. ते ऐकत उभी राहून वैजूची दोनदा बस चुकली होती, आणि घरी मात्र तिने "बस भरलेली होती" असं सांगितलं होतं. कान तिचा पहिल्यापासून तयार. देवळातल्या भजनात कुणी सुरावरून घसरला की ही बायकांच्या घोळक्यातून अशी काही बघायची, की तो बिचारा पुढची ओळ विसरायचा.

"हाडटां," मी म्हटलं, नक्की आणतो म्हणून. गाव सोडून निघालेला माणूस काहीही कबूल करतो. तुमच्यापैकी जे गेलात त्यांना हे ठाऊक आहे, आणि जे मागे राहिलात त्यांना तर आमच्यापेक्षा जास्त.

बहरीनची पहिली दोन वर्षं मी गच्च्यांवर काढली. एका खोलीत सहाजण, पहाटे व्हॅन यायची आणि मग दिवसभर शिडी खांद्यावर. तिथे उन्हाने लोखंड असं तापतं की पाना फडक्यात धरावा लागतो. दुसऱ्यांच्या खोल्या गार करायच्या आणि आपण घामात न्हायचं, हा धंदाच तसा. महिन्याभरात मी 'खल्लास' आणि 'यल्ला' म्हणायला लागलो. हिंदी सुधारली, मल्याळम थोडं समजायला लागलं, आणि आमच्या पेडणे तालुक्याची पेडणेकरी बोलायला मात्र कुणी उरलं नाही. ती मी वैजूच्या पत्रांत वाचायचो. पत्र ती शुद्ध मराठीत लिहायची, शाळेत आम्ही तीच शिकलो होतो. पण शेवटी शेवटी लेखणी घसरायची आणि 'तुजी याद येता' असं एखादं वाक्य पडायचं. ते वाक्य मी आधी वाचायचो.

गिटारची आठवण तिने एकदाच केली. लिहिलं होतं, "मिंगेलकाका शिकवायला तयार आहेत. त्यांच्या लहान गिटारवर मी तीन कॉर्ड शिकले. ते म्हणतात, तुझा हात चांगला बसतो." हे वाक्य तुम्ही ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही.

सुट्टी मंजूर झाली आणि मी बहरीनच्या राजधानीत, मनामाच्या बाजारात वाद्यांच्या एका दुकानात शिरलो. दुकानदार मंगळूरचा, कोंकणी बोलणारा. त्यामुळे माझी छाती आणखीच फुगली. त्याने विचारलं, कोणासाठी? बहिणीसाठी. वय किती? उंची किती? हात दाखव, केवढा तिचा हात? मला हे प्रश्न चांभाराच्या दुकानातले वाटले. मी उगाच आपल्या तळहाताच्या अर्ध्यावर बोट ठेवून म्हटलं, "एवढा असेल." तो आत गेला आणि एक छोटी, फिक्या लाकडाची, दिसायला अगदीच गरीब गिटार घेऊन आला.

मी तारा बघितल्या आणि मला हसू फुटलं. तो तर तंगूस!

आता चोपड्याच्या माणसाला तंगूस काय ते शिकवायला नको. बाबांच्या तंगुसाचं रीळ म्हणजे एक हिरवी बाटली होती, तिच्यावर तो गुंडाळलेला असायचा. संध्याकाळी बाबा त्या तंगुसाला गरी लावून शापोरा नदीच्या काठावर बसायचे आणि कधी शेवटे, कधी तांबोशी घेऊन यायचे. लहानपणी दात हलायला लागला की आई त्याच तंगुसाने ओढून काढायची. दुकानदार सांगत होता, "ही नायलॉन, बोटांना मऊ, शिकणाऱ्याला हीच बरी." माझ्या डोळ्यांसमोर मात्र वाड्यातले लोक आले. दोन वर्षं बहरीनला राहून हा काय घेऊन आला, तर मासे गरवायचा तंगूस! माझी हजामत व्हायला तेवढं पुरलं असतं.

वर भिंतीवर एक टांगलेली होती. तांबूस-काळी, लखलखीत, पोट आमच्या न्हाणीतल्या पाणी तापवायच्या भाणाएवढं आणि पोलादी तारा उजेडात चमकणाऱ्या. मी बोट केलं, "ती काढ." तो म्हणाला, "बायल मनशाक जड जातली." मी म्हटलं, "तीच दी." त्याने खांदे उडवले आणि बांधून दिली. खरं सांगतो, त्या घटकेला वैजूचा हात माझ्या मनात नव्हताच. माझ्या मनात चवथीला जमणारी माणसं होती.

आणि ती जमलीही. टांगलेल्या फळा-पानांच्या मातोळीखाली, गणपतीच्या समोर, मी गिटारची पेटी उघडली. वैजूने तोंडावर हात ठेवला. कुणी म्हणालं, "केदी व्हड गो!" कुणी तारांना बोट लावून बघितलं. वैजूने ती मांडीवर घेतली तर वरची कड तिच्या काखेत गेली आणि उजवा हात तारांपर्यंत पोचवायला तिला खांदा उचलावा लागला. तिने एकदाच छेडली. असा घुमला आवाज की आरतीची तयारी करणारे बाबा मागे वळून बघायला लागले. माझ्या आयुष्यातल्या फार थोड्या सुखाच्या दिवसांपैकी तो एक होता. आजही तो आठवला की आधी सुखच वाटतं. लाज मागाहून येते.

मी परत गेलो. पहिली काही पत्रं आली, "सराव चालू आहे." मग ते वाक्य गेलं. पुढच्या सुट्टीला आलो तर गिटार कपाटावर, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेली. वैजूच्या डाव्या हाताच्या बोटांवर जुन्या चिरांचे वण होते. ती हसून म्हणाली, "माका जमना, दादा. माजीं बोटां त्या कामाचीं न्हय."

त्यावर मी काय म्हणालो ते मला अजून ऐकू येतं. मी गल्फातून आलेला शहाणा. म्हणालो, "जाऊ दे गो. कला सगळ्यांच्याच हातात असते असं नाही."

तिने मान हलवली आणि चहा आणायला आत गेली.

त्यानंतर ती भजनातही गायची थांबली. कुणी म्हटलं, वैजू, तूं म्हण, तर सांगायची, "माका सूर कळना." ज्या पोरीच्या नजरेला भजनी घाबरायचे तिने हे म्हणावं! मला तेव्हा त्यात काही खटकलं नाही. मुली मोठ्या झाल्या की लाजतात, एवढीच माझी अक्कल. मग तिचं लग्न झालं. कोरगावला, काजूच्या बागायतीच्या घरात. संसार चांगला झाला तिचा, त्याबद्दल बोलायला जागा नाही. पण घरात गाणं लागलं की ती रेडिओचा आवाज लहान करते, असं तिचा नवरा एकदा सहज बोलून गेला होता. तेही मी ऐकून सोडून दिलं.

वर्षं गेली. मी हेल्परांचा सुपरवायझर झालो, खोलीत सहाजणांऐवजी बायको आणि मुलगा आले, चिठ्ठ्या गेल्या आणि मोबाइल आला. इकडे नदीवर पूल झाला आणि फेरीबोट बंद पडली. बाबा गेले, तीन वर्षांनी आई गेली. दर सुट्टीला मी सूटकेस भरभरून वस्तू आणत राहिलो आणि सगळे त्या घेऊन "बरी आसा रे, बरी आसा" म्हणत राहिले. मला वाटायचं, मी घर सोडलं असलं तरी घराने मला सोडलेलं नाही.

चारेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मनामातल्या एका मोठ्या वाद्यांच्या दुकानाचा एसी बिघडला. लाकडी वाद्यांना दमट हवा चालत नाही, त्यामुळे दुकानदार घायकुतीला आलेला. माझा हेल्पर रजेवर होता, म्हणून कित्येक वर्षांनी मी स्वतः शिडी चढलो. छतातली जाळी काढून काम करत होतो, तर खाली एक गृहस्थ दहा-अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. आल्या आल्या त्यांनी बोट केलं ते भिंतीवरच्या सगळ्यात मोठ्या, सगळ्यात चमकदार गिटारकडे. मी वरून बघतच राहिलो. तेच बोट, तोच ऐटदार हात.

दुकानातली फिलिपिनो मुलगी हसली आणि तिने ती काढून दिलीच नाही. तिने त्या पोरीला खुर्चीवर बसवलं, पाय जमिनीला टेकतात का ते पाहिलं. एक लहान गिटार मांडीवर दिली. उजवा खांदा उचलला जातोय म्हणून ती काढून घेतली, आणखी लहान दिली. मग तिचा डावा हात दांडीला लावून म्हणाली, दाब. दुखतं? तार आणि दांडी यांच्यामधली जागा बघून तिने तीही बाजूला ठेवली. बाप म्हणाला, शिकेल हळूहळू, दुखू दे थोडं. त्यावर ती दुकानातली मुलगी इतकंच म्हणाली की साहेब, चुकीची गिटार दिली तर मूल गिटारला दोष देत नाही, स्वतःला देतं.

 मी शिडीवर तसाच उभा राहिलो. खाली त्या पोरीने तंगुसाच्या तारांवर पहिला सूर काढला आणि खुदकन हसली, आणि मला वैजूच्या बोटांवरचे वण दिसायला लागले. काम कसंबसं संपवून मी व्हॅनमध्ये जाऊन बसलो आणि रडलो. या वेळी लाज वाटली नाही.

संध्याकाळी वैजूला फोन केला. विचारलं, "वैजू, ती गितार तुका व्हड जायची गो?"

 ती म्हणाली, "मिंगेलकाकान पयल्याच दिसा सांगिल्लां. 'बाय, ही गितार तुजी न्हय. तुज्या भावाची.'"

"मग माका सांगूंक नाय?"

"आई म्हणाली, लांबसून आयल्ल्या मनशाक नाका म्हणू नये. दोन वर्सां उनांत तापून हाडल्या त्यान, तेका वायट दिसतलां." आणि पुढे म्हणाली, "मिंगेलकाका आपली ल्हान गितार दिवंक तयार होते. हांवेंच घेवंक ना. तू सुट्टेर येवन माका दुसऱ्याची वाजयताना बगितलां आसतां तर?"

म्हणजे तिला हे सगळं माहीत होतं. तिची बोटं त्या कामाची नव्हती हे खोटं, आणि ते तिने माझं मन राखायला सांगितलं. मग खोटं सांगता सांगता तिचं तिलाच ते खरं वाटायला लागलं. आणि 'कला सगळ्यांच्याच हातात असते असं नाही' म्हणून मीच त्यावर शिक्का मारला होता.

मला राहवेना. मी म्हटलं, "आणि बाकीच्या वस्तू? बाबांचे बूट?"

"एक नंबर ल्हान." ती आता हसायला लागली होती. "पूण तू गावांत आसलो म्हणजे घालायचे."

"आईचं सेंट?"

"वासान तिची तकली दुखायची, दादा."

ती हसत होती आणि मला हसता येईना. लांबून आलेल्या माणसाला नाही म्हणू नये, ही आमच्या घरची रीत. पाहुण्याला चांगली खुर्ची द्यायची, माशाची बरी तुकडी वाढायची, त्याने आणलेलं गोड मानून घ्यायचं. ही रीत मी लहानपणापासून पाळली, आलेल्यांना पाट मांडले. पण त्या पाटावर आता मी बसतोय हे मला तीस वर्षांत कळलं नव्हतं. ज्यांच्यासाठी गेलो त्यांच्या घरी मी पाहुणा झालो होतो. आणि ते लोक इतके चांगले की त्यांनी ते मला कधी जाणवू दिलं नाही.

मी म्हटलं, आता नवी घेऊया. ती म्हणाली, ह्या वयात? लोक हसतील. मी पुन्हा म्हटलं. तिने फोन ठेवला.

यंदाच्या सुट्टीला विमान थेट मोपाला उतरलं. जिथे आम्ही पोरं करवंदं काढायला जायचो त्या माळावर आता विमानं उतरतात आणि घर अर्ध्या तासावर येतं. गिटारचा विषय मी काढायचा नाही असं ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वैजूच कोरगावहून आली. चांगली साडी, हातात पर्स, कपाळाला घाम. उंबऱ्यातूनच म्हणाली, "चल. म्हापशाक वचूंया. मागीर माजें मन बदलतलां."

म्हापशाच्या दुकानात शिरलो आणि माझ्या अंगात पुन्हा वारं आलं. आता मला सगळं ठाऊक होतं ना! शिडीवरून शिकलो होतो. दुकानदाराला मी फर्मावलं: नायलॉनच्या तारा, लहान पोट, तारा दांडीच्या जवळ. त्याने काढली तशी. मी ती फिरवून फिरवून बघितली, दांडी डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहिलं आणि मोठ्या समाधानाने वैजूच्या मांडीवर ठेवली. अगदी मापाची. खांदा खाली, हात मोकळा. मी म्हटलं, "बघ. ही तुझी."

तिने पाच-सहा वेळा छेडली. बोटं आठवत होती, हळूहळू. तीस वर्षांपूर्वीचा एक कॉर्ड लागला, दुसरा लागला. माझा ऊर भरून आला. तिने गिटार उचलली आणि माझ्याकडे परत दिली.

"ही नाका माका."

"का गो? मापाची आहे."

"आवाज आवडना. पोटांतसून बोलता ती."

आणि उठून स्वतः भिंतीपाशी गेली. एक एक काढून घ्यायला लागली. दुकानदार मुलगा शहाणा होता, तो गप्प राहिला. मी नव्हतो. मी तिसऱ्यांदा तोंड उघडल्यावर ती वळून म्हणाली, "दादा, तू मातसो भायर बस. माका आयकूंक दी."

मी दारातल्या स्टुलावर बसलो. तास गेला असेल. आत सूर लागत होते, तुटत होते, पुन्हा लागत होते. एकदा ती स्वतःशीच गुणगुणली आणि दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक मागे वळून बघायला लागलं. शेवटी तिने मला हाक मारली. तिच्या मांडीवर एक लहानशी, बदामी रंगाची गिटार होती, आणि तारा पोलादी.

मी हबकलो. "अगो, परत पोलादी? बोटं कापतील. दुखेल."

"दुखूंदी," ती मान वर न करता म्हणाली. "बोटां माजीं."

मला राग आला, आणि त्या रागाच्या मागून फार बरंही वाटलं. तीस वर्षांत त्या घरातल्या कुणी मला तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. तिकडे बहरीनला लोक मला अजून विचारतात, तुमचं घर कुठे? पूर्वी मी चोपडे सांगायचो आणि मनातून खात्री नसायची. आता मी सांगतो, जिथे माझी बहीण माझ्या हातची वस्तू परत माझ्या हातात ठेवून "नाका" म्हणते, तिथे.